खडकातलं सोनं, मूत्रपिंडातला साठा

अण्णा,

गेल्या महिन्यात तुमचे दगड बघायला घरी एक बाई आल्या होत्या. भूगर्भशास्त्रज्ञ. माझ्याच वयाच्या असतील, केस अर्धे पिकलेले, पायात मातीने माखलेले बूट. तुमच्या जुन्या खात्यातल्या कोणीतरी त्यांना आपला करी रोडचा पत्ता दिला होता. आईने दार उघडलं, तुमचं नाव ऐकलं, त्यांना आधी पाणी दिलं आणि मग सांगितलं की ते नाहीत, जाऊन बरीच वर्षं झाली. बाई म्हणाल्या, "माहीत आहे काकू. मला त्यांचे नमुने बघायचेत, ठेवले असतील तर." आईने ठेवले होते. तुम्ही गेल्यावर चाळ पडली, टॉवर होईपर्यंत आम्ही भाड्याच्या खोलीत राहिलो, मग टॉवरच्या वरच्या मजल्यावर आलो, त्या प्रत्येक वेळी काय ठेवायचं नि काय टाकायचं यावरून आईचे आणि माझे वाद झाले, पण तुमच्या पेट्यांवरून कधीच झाले नाहीत. त्या बाई गेल्यापासून तुम्हाला काही सांगायचं राहिलंय असं वाटतंय. म्हणून जेवणाच्या सुट्टीत थोडं थोडं लिहिते आहे. कुठे पाठवायचं नसल्यामुळे हे लिहायला सोपं जातंय.

माझ्या लहानपणी तुम्ही बहुतेक घरी नव्हताच. अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आई आणि मी राहायचो आणि तुम्ही कर्नाटकात, कुठल्यातरी माळावर, तंबूत. सोन्याचा शोध घेणाऱ्या तुकडीत. गिरणीत खपलेल्या माणसाचा मुलगा सोनं शोधायला गेला, याचं करी रोडच्या चाळीत भलतंच कौतुक होतं. तुम्ही सुट्टीवर आलात की आपण आजीला भेटायला चाळीत जायचो, आणि तुमच्या खांद्यावरची जड पिशवी बघून शेजारची मालवणची काकू दारातूनच ओरडायची, "सोन्याच्या खाणीत कामाक आसा, आणि घराक हाडता काय, तर धोंडे!" सगळी गॅलरी हसायची. तुम्हीही हसायचात, पण पिशवी कोणाच्या हातात द्यायचा नाहीत.

क्वार्टर्समधल्या स्वयंपाकघराचा ओटा मला अजून दिसतो. आई एका बाजूला बांगडे साफ करते आहे, दुसऱ्या बाजूला तुम्ही वर्तमानपत्र पसरून दगड मांडलेत. एका दगडावर पिवळ्या ठिपक्यांची रांग चमकते आहे. मी तो उचलते आणि जिन्यावरून खाली जाऊन मैत्रिणींना सांगते की आमच्याकडे सोनं आहे. तुम्ही मला वर बोलावता. आवाज चढवत नाही, तुम्ही कधीच चढवला नाहीत. हातात आईची शिवणाची सुई देता आणि म्हणता, "ओरखडा काढ." सुई घसरते. "सोनं असतं तर रुतली असती. सोनं मऊ असतं. तू बघितलंस कुठे? नुसतं चमकलं म्हणून बोलत सुटलीस." मला रडू येतं. आई म्हणते, "अहो, पोर आहे ती," आणि तुम्ही म्हणता, "म्हणूनच आत्ता सांगतोय." मी नंतर दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुमच्या ते लक्षात आलं की नाही, ठाऊक नाही.

मी आठवीत असताना तुम्ही कायमचे मुंबईला आलात. तेव्हा मला एवढंच कळलं की अण्णा आता रोज संध्याकाळी घरी येणार. कारण पुढे आईकडून समजलं. ज्या साठ्यावर तुम्ही इतकी वर्षं काढली होती, त्याबद्दल तुम्ही नकार लिहिला होता. सोनं होतं, पण दिसणारं नव्हतं. ते चंदेरी पांढऱ्या एका खनिजाच्या कणांत विरघळल्यासारखं बसलं होतं, आणि त्या खनिजात निम्म्याच्या आसपास आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल. दगड कितीही बारीक दळला तरी सोनं सुटत नव्हतं. सोडवायचं तर तो भट्टीत भाजायला हवा, आणि भाजला की सोमल धुरातून बाहेर. तुम्ही लिहिलंत, सोनं आहे, काढू नये. खाली गावातल्या विहिरीचाही उल्लेख केलात, कारण तुम्ही तिचं पाणी प्यायचात. तुमच्या वरिष्ठांनी विचारलं होतं, "विहीर हा तुमचा विषय आहे का?" तुम्ही काय उत्तर दिलंत ते आईला माहीत नाही. त्यानंतर तुम्हाला मुंबईच्या ऑफिसात टेबल मिळालं आणि बढती थांबली. घरात या विषयावर कधी बोलणं झालं नाही. तुम्ही संध्याकाळी यायचात, चहा प्यायचात, माझं गणित घ्यायचात. तुमच्या त्या नकाराचा फायदा झाला असा मला एकच माणूस माहीत आहे, तो म्हणजे मी.

मी मेडिकलला गेले तेव्हा तुम्ही मला सोन्याच्या खनिजाची एक चकती दिलीत. काळ्या रेझिनमध्ये बसवलेला, आरशासारखा घासलेला तुकडा. आई म्हणाली, "बाकीचे बाप पोरीला सोन्याच्या बांगड्या करतात, ह्यांनी दगडाची वडी दिली." मी मूत्रपिंडाच्या आजारांकडे वळले, त्यातही रोगी तपासण्यापेक्षा काचेवरचे पातळ काप बघण्याकडे, त्याला तुमच्या वडीचं कारण नव्हतं. मला शांतपणे एकटीने करायचं काम हवं होतं. लोक अशा गोष्टी नंतर जुळवतात. मी जुळवत नाही.

निवृत्तीनंतर तुम्ही आणि आई आजीच्या करी रोडच्या खोलीत राहायला आलात. तुमचा आजार उशिरा कळला. पायावर सूज होती, ती तुम्ही चप्पल घट्ट झाली म्हणून खपवलीत. रक्तदाब वाढला होता, तो निवृत्तीनंतरच्या रिकामपणाच्या खात्यावर टाकलात. मी परळच्या हॉस्पिटलात मूत्रपिंडाचे काप वाचत होते आणि माझ्या घरी माझ्या वडिलांच्या लघवीला फेस येत होता. याचं मला पुष्कळ वाईट वाटलं, पण त्याने पुढचं काही बदलत नव्हतं. बायोप्सी झाली. तुमचा काप माझ्या सरांनी वाचला, मी नाही. घरच्या माणसाचं वाचायचं नसतं. पण रिपोर्ट हातात आल्यावर तुम्ही म्हणालात, "मला बघायचंय."

"काय बघायचंय?"

"नमुना. रिपोर्ट काय, कोणीही लिहितं."

सरांना विचारलं, ते हो म्हणाले. एका दुपारी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आलात. दोन माणसांना एकदम बघता येईल असा मायक्रोस्कोप होता, समोरासमोर बसलो. आधी काळोखातली तपासणी दाखवली. काळ्या पार्श्वभूमीवर कच्च्या सफरचंदाच्या सालीसारखा हिरवा उजेड, फांद्या फुटलेल्या झाडाच्या आकाराचा. तुम्ही फोकसचं चाक हळूच फिरवून बघितलंत. मग म्हणालात, "सुंदर आहे. हा भाग चांगला राहिलेला दिसतो."

"नाही अण्णा. तोच आजार आहे. निरोगी असतं तर इथे नुसता काळोख दिसला असता."

"हे चमकतंय ते काय?"

"शरीराचंच प्रथिन. नको तिथे जाऊन बसलंय. गाळणीत अडकलंय."

"म्हणजे साठा."

"आम्ही पण डिपॉझिटच म्हणतो."

तुम्ही इतके मोठ्याने हसलात की बाहेरच्या टेबलावरच्या टेक्निशियनने डोकावून पाहिलं. मग मी दुसरी काच लावली, साध्या उजेडातली. तिथे निळा रंग पसरला होता. तुम्ही विचारलंत, निळं काय. मी सांगितलं, व्रण. मूत्रपिंडाचा जो भाग गेला, तिथे व्रण भरतो. "किती?" अर्ध्याच्या वर, मी म्हणाले. "हे परत फिरतं?" नाही, मी म्हणाले. रोग्यांशी बोलताना आम्ही याआधी दोन-तीन वाक्यं घालतो. तुमच्याशी बोलताना घातली नाहीत. तुम्ही मायक्रोस्कोपवरून डोळे वर केलेत, चष्मा शर्टाला पुसलात आणि म्हणालात, "इथे खाली चहा बरा मिळतो का?"

चहा बरा नव्हता. आपण उभ्याने प्यायलो.

त्यानंतरचं सगळं आईच्या स्वयंपाकघरात घडलं. बटाटे दोनदा उकळून पाणी ओतून द्यायचं, नारळपाणी बंद, सुकट बंद, डाळ मोजकी, मीठ नावाला. तुमच्यासारख्या माणसाला सुकटीशिवाय पावसाळा काढायला लावणं आईला जमत नव्हतं. ती स्वतःही सुकट खायची बंद झाली. दोन वर्षांत मूत्रपिंडं थांबली. आई स्वतःचं एक द्यायला तयार होती, रक्तगट जुळला नाही. माझा जुळला. मी तुम्हाला न सांगता सगळ्या तपासण्या करून घेतल्या, सगळं स्वच्छ आलं, आणि एका रविवारी सकाळी तुमच्यासमोर बसले. माझी मुलगी तेव्हा बालवाडीत होती, पलंगावर बसून चित्रं रंगवत होती. आई भाकऱ्या थापत होती.

"नको," तुम्ही म्हणालात.

"कारण सांगा."

"कारण कशाला हवं? नको म्हटलं की नको."

"तुम्ही मला आयुष्यभर कारणं मागितलीत. आता तुम्ही द्या."

आईचं थापणं थांबलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात, समोरच्या गिरणीच्या जागेवर क्रेन उभी होती. "मला महिनाभर हॉस्पिटलात पडून राहायचं नाही," तुम्ही म्हणालात.

"डायलिसिसला आठवड्यातून तीनदा जाल. महिन्याभराचा काय हिशोब सांगताय?"

"तू मला समजावू नकोस गो. मी घेणार नाही. विषय संपला."

मी आईकडे वळले. ती पाठमोरीच म्हणाली, "त्यांचं ऐक." तोवर मला वाटत होतं की निदान ती माझ्या बाजूची आहे. मी मुलीला उचललं आणि निघून आले. त्यानंतर मी तुमच्याशी नीट वागले, औषधं आणली, रिपोर्ट बघितले, पण पुष्कळ दिवस रागात होते. तुम्ही दिलेलं कारण खोटं होतं हे आपल्याला दोघांनाही माहीत होतं. खरं कोणतं होतं ते मला आजही माहीत नाही.

मग परळची ती खोली, ओळीने लावलेल्या खुर्च्या, शेजारी यंत्रं. मी दोन मजले वर काम करायचे, मध्येच खाली येऊन बघायचे. तुम्ही तिथे रमलात, यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. शेजारच्या खुर्चीत लालबागचा एक मूर्तिकार असायचा, त्याच्याशी तुमची मातीवरून चर्चा चालायची. कुठली माती फुटते, कुठली धरते. दातांत बर्फाचा खडा धरून तुम्ही बोलायचात, कारण पाणी मोजून होतं. साडेतीन वर्षं असं गेलं. एका सकाळी आईच्या चष्म्याची काडी तुटली म्हणून तुम्ही दादरला गेलात. त्या दिवशी डायलिसिस नव्हतं. दुकानदार काडी बसवत होता, तुम्ही स्टुलावर बसला होतात. त्याने मला फोन केला, "मॅडम, साहेब उठत नाहीयेत." मी पोचले तेव्हा त्याने तुम्हाला बाकावर निजवलं होतं आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांना बाहेर काढलं होतं. हृदय थांबलं होतं. चष्मा तयार होता. त्याने तो पुडक्यात घालून माझ्या हातात दिला आणि आई अजून तोच वापरते, काचा बदलून.

आता हॉस्पिटलातलं काम सांगते. आम्ही गेली काही वर्षं तुमच्याच आजारावरच्या औषधांच्या चाचण्यांत आहोत. अर्ध्या रोग्यांना औषध मिळतं, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण रिकामी गोळी. कोणाला काय, हे रोग्यालाही माहीत नसतं आणि आम्हालाही. आधीचा काप आणि नंतरचा काप शेजारी ठेवून किती निळं वाढलं, हिरवं कमी झालं का, हे बघणं माझ्याकडे. डिलाईल रोडचा एक टॅक्सीवाला दर वेळी मला जिन्यात गाठायचा. "मॅडम, खरं सांगा, मला खरी गोळी लागलीय का खोटी?" मला माहीत नाही, मी म्हणायचे. "डॉक्टरांना माहीत असेल." त्यांनाही नाही. "मग माहीत कोणाला आहे? मी कोणाला विचारू?" एकदा त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं, "त्या बाईंना त्रास नका देऊ. त्यांनापण वाटतच असेल ना." शेवटी चाचणी उघडली तेव्हा कळलं की त्याला रिकामी मिळाली होती. आता तो खरी घेतो. त्याचं थोडं नुकसान झालं, आणि त्याच्यासारख्यांच्या नुकसानीतूनच औषधाचा उपयोग सिद्ध झाला. हे त्याला मी समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे माझा पण हात लागला ना?" लागला, मी म्हणाले.

औषधं आजार बरा करत नाहीत. निळं पसरायचा वेग कमी करतात. तुम्हाला ती मिळती तर तुमची मूत्रपिंडं आणखी काही वर्षं चालली असती. कदाचित. तुमचा आजार पुढे गेला होता, त्यामुळे ठामपणे सांगता येत नाही.

दगड बघायला आलेल्या त्या बाईंचं राहिलं. त्यांनी पलंगाखालच्या पेट्या बाहेर काढल्या, जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि संध्याकाळपर्यंत एकेक नमुना भिंगाखाली धरून बघत राहिल्या. तुमचा साठा पुन्हा उघडतायत, अण्णा. आता तो खडक भाजावा लागत नाही, टाकीत जिवाणूंकडून ते पांढरं खनिज कुजवून घेतात आणि सोनं मोकळं होतं. सोन्याचा भावही तेव्हाचा राहिलेला नाही. आईने चहा ठेवला आणि विचारलं, "म्हणजे ह्यांचं चुकलं होतं?"

"नाही हो काकू. सोनं नेमकं कशात बसलंय हे त्यांनीच शोधलं. आम्ही तिथूनच सुरुवात केली."

"मग ह्यांनी नको का म्हटलं?"

"तेव्हा नकोच होतं."

मी सोमलाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, जिवाणूंच्या पद्धतीत तो धुरात जात नाही, गाळात बसतो, आणि गाळ बंदिस्त ठेवायची व्यवस्था आहे. "आहे, की असेल?" मी विचारलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं. "योजनेत आहे," त्या म्हणाल्या. "मी आग्रह धरतेय. माझं किती ऐकतील ते बघायचं." गावातली ती विहीर अजून वापरात आहे का, हे त्यांना माहीत होतं. आहे. त्यांनी स्वतः तिचं पाणी तपासायला दिलंय. त्यांना विचारणारं कोणी भेटेल की विहीर तुमचा विषय आहे का, असं मला वाटलं. जाताना त्यांनी दोन पेट्या मागितल्या. आई माझ्याकडे न बघताच म्हणाली, "न्या. इथे कोण बघतंय त्यांना?" आणि लिफ्टपर्यंत त्यांच्याबरोबर गेली.

आता मुख्य ते. यंदा पावसाळ्याच्या आधी आमच्या विभागात सगळ्यांची तपासणी झाली आणि माझ्या लघवीत रक्त आलं, डोळ्यांना न दिसणारं. पुन्हा केली, पुन्हा आलं. बायोप्सी करून घेतली. तुमचाच आजार. काही घराण्यांत तो असा पुढे येतो, तेव्हा आमच्यापैकी कोणी तितका विचार केला नव्हता, आणि माझ्यात तेव्हा काही दिसतही नव्हतं. व्रण अजून थोडाच आहे. गोळी सुरू केली आहे, यात मला खरी की खोटी हा प्रश्न नाही. मला बरं आहे. मी रोज कामावर येते. तुम्ही त्या रविवारी हो म्हणाला असतात, तर आज माझ्याकडे एकच मूत्रपिंड असतं आणि तेही आजारी. तुम्हाला काही कळलं होतं असं मी मानत नाही. कळायचं काही साधन नव्हतं. तुम्ही नको म्हणालात आणि ते माझ्या उपयोगी पडलं, एवढंच मी लिहू शकते.

आईला हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. नवऱ्याला माहीत आहे. मुलीला मी गेल्या आठवड्यात सांगितलं. ती आता कॉलेज संपवून नोकरीला लागली आहे, गिरगावात एका ऑफिसात. आम्ही तिच्या ऑफिसजवळच्या हॉटेलात डोसा खात होतो. तिने सगळं ऐकून घेतलं, आकडे विचारले, मोबाइलवर काहीतरी वाचलं. मग सरळ म्हणाली, "पुढेमागे लागलंच तर मी आहे ना गं. टेस्ट नीट आल्या तर माझं घे." मी म्हणाले, खा आधी, गार होतंय. तिने खाल्लं. बिल तिने दिलं.

तिला तेव्हा नको म्हणायला हवं होतं. तुम्ही म्हणाला होतात तसं, कारण न देता, तिथल्या तिथे. मी शब्द जुळवत होते आणि ते तोंडातून निघाले नाहीत. अण्णा, ती वेळ आली आणि तिच्या तपासण्या चांगल्या आल्या, तर मी बहुतेक हो म्हणेन. मला अजून जगायचं आहे.